चिंधाची अकरा गाणी

चिंधाचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या रिक्षाथांब्यावर उभा होतो आणि चिंधा त्याच्या खोलीत होता. आम्हा दोघांच्या मध्ये तीन गल्ल्या, एक पिठाची गिरणी आणि एक म्हशींचा गोठा एवढा ऐवज होता. मी खिशातला पत्ता काढून रिक्षावाल्यापुढे धरला. त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आ अवाजनी पाछळ पाछळ जाव, साहेब," तो म्हणाला. मी आवाजाच्या मागे मागे गेलो आणि जिथे तो सोसेना झाला, तिथे चिंधाचं दार होतं.

हे सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतलं. सुरतेतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम सव्वीस कुटुंबं. दर रविवारी दुपारी, गुजराती भावांची उपासना आटोपली की त्यांचंच देऊळ आम्ही वापरायचो. पाळकसाहेब नंदुरबारहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार आम्ही आपल्या बळावर ढकलत होतो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर, अक्षर वळणदार, म्हणून नव्या कुटुंबांना भेटून त्यांची माहिती वहीत उतरवण्याचं काम माझ्या गळ्यात होतं.

दार सताड उघडं होतं. आत पंचेचाळिशीचा एक काटकुळा माणूस नुकत्याच धुतलेल्या केसांनी, डोळे मिटून, हातातली खंजिरी बडवत देवाची स्तुती करत होता. देवाला ऐकू कमी येतं असा या गृहस्थाचा ठाम समज असावा, असं मला वाटलं. मी तीनदा नमस्कार म्हणालो. मग त्याच्या बायकोने, सरलाबाईने, फरशीवर पायाने दोन दणके दिले, ते त्याच्या तळव्यांना पोचले आणि त्याने डोळे उघडले. ऐकू कमी कुणाला येतं, ते मला तेव्हा कळलं.

साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात चिंधा जन्मला तेव्हा आधीची तीन भावंडं गेलेली होती. चौथ्यावर मरणाची नजर पडू नये म्हणून आईबापांनी त्याला चिंधा केलं. घर तोवर ख्रिस्ती झालेलं होतं, पण अशा बाबतीत ख्रिस्ती आईसुद्धा धोका पत्करत नाही. पाळकांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचं नाव शमुवेल असं लिहिलं. ते बिचारं नाव त्या वहीतच राहिलं. पुढे कधी कुणी त्याला त्या नावाने हाक मारली नाही.

विसाव्या वर्षी तो सुरतेला आला आणि लूमवर लागला. लूमला तिथे संचा म्हणतात. एका पत्र्याच्या खोपटात साठ संचे, प्रत्येक संच्यातून धोटा डावीउजवीकडे आदळतोय, आणि हे बारा तास. कान कधी गेले ते चिंधाला नीटसं कळलं नाही. एक दिवस सरलाबाई त्याच्यावर भयंकर रागावून बोलत होती आणि त्याला ती फार शांत झाल्यासारखी वाटली. लग्नानंतर आठ वर्षांनी बायको एकदम शांत झाली म्हणून तो दोन दिवस खुशीत होता. तिसऱ्या दिवशी त्याला शंका आली.

पण संच्यावरची माणसं कानांवर अवलंबून राहत नाहीत. त्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून ती ओठ वाचतात. सरलाबाई माझ्याशी आवाज काढून बोलायची आणि नवऱ्याशी नुसते ओठ हलवायची. दोन भाषा येणाऱ्या बाईसारखी सहज. तुम्ही तोंड त्याच्याकडे ठेवून बोलला की चिंधाला सगळं समजे. तो भला, हसरा आणि लाघवी माणूस होता. त्याच्यात खोट एकच होती. तो गायचा.

त्याला अकरा गाणी येत होती. ती सगळी त्याने लहानपणी गावच्या देवळात, बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली, म्हणजे कान जाण्याच्या आधीची. बारावं त्याला या जन्मी येणं शक्य नव्हतं. रविवारी उपासनेत एखादं नवं गाणं निघालं की तो पुस्तक धरून नुसता उभा राहायचा. त्या अकरांपैकी एखादं निघालं की मात्र आमचा बाजापेटीवाला पेटी मिटून हात मांडीवर घ्यायचा, कारण पेटी वाजते की नाही हे नंतर देवाला विचारावं लागलं असतं.

चिंधाची कायमची रातपाळी होती. सकाळी साडेसातला सुटका, आठला अंघोळ, आणि आठ ते नऊ गाणी, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत, ठरलेल्या क्रमाने. चाळीला त्याची सवय झाली होती. तिथे बहुतेक सगळी खानदेशातली हिंदू कुटुंबं; येशूशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण चौथ्या गाण्याला दूधवाला येतो आणि सातव्याला नळ येतो हे बायांना पाठ होतं. सहावं लागलं की हंडे बाहेर. शेजारच्या खोलीतली म्हातारी तर धुणं धुताना नववं गुणगुणायची, आणि ते चिंधापेक्षा सुरात.

मी एकदा त्याला विचारलं की, बाबा रे, घरी आल्या आल्या एवढं कशाला? तो म्हणाला, "मास्तर, कारखाना सुटतो ना, तरी डोक्यातले संचे चालूच राहतात. घर्रर्र. झोपू देत नाहीत. गाणं म्हटलं की तेवढे थांबतात." मग जबड्यावर बोट ठेवून त्याने दाखवलं की जीव तोडून गायलं म्हणजे आवाज हाडातून वर चढतो आणि त्याला ऐकू येतो. सरलाबाईचा आवाज त्याने चौदा वर्षांत ऐकला नव्हता. माणसाचा म्हणून एकच आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता, तो त्याचा स्वतःचा, आणि तोही सकाळी एक तास.

मार्चमध्ये ती म्हातारी गावी गेली आणि शेजारच्या खोलीत बन्सीलाल आणि त्याची बायको उषाबाई राहायला आले. बन्सीलाल सव्वीस वर्षांचा, चोपड्याकडचा. तिकडे केळीच्या बागांत मजुरी करायचा. काही महिने सुरतेतच कतारगामला मेहुण्याकडे राहून आता स्वतःची खोली केली होती. चिंधाने पहिल्या आठवड्यातच त्याला आपल्या कारखान्यात लावून दिलं, आपल्या शेजारचे चार संचे मिळवून दिले, तुटलेली तार, म्हणजे धागा, दोन बोटांत धरून गाठ कशी मारायची ते शिकवलं. सकाळी दोघं बरोबर घरी यायचे. बन्सीलाल त्याला नाना म्हणायचा.

आणि बन्सीलालचे कान शाबूत होते. केळीच्या बागेत झोपलेल्या माणसाचे कान. पान हललं तरी उघडणारे.

दोन खोल्यांमध्ये अर्ध्या विटेची भिंत होती, आणि तीही वरच्या पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. वरून हातभर जागा मोकळी. एप्रिल लागला. सुरतेच्या उन्हात तो पत्रा अकराला असा तापायचा की खोलीत नवा माणूस बसूही शकत नसे. रातपाळीवरून आलेल्या बन्सीलालला झोपायला मिळायचे ते आठ ते अकरा एवढे तीन तास. त्यातला पहिला चिंधाच्या स्तुतीत जाई. मोडलेली झोप पुन्हा लागेपर्यंत दुसरा जाई. तिसऱ्यात पत्रा तडतडायला लागे.

आधी उषाबाईने नळावर सरलाबाईकडे गोष्ट काढली. मग कारखान्यातून परत येताना बन्सीलालने स्वतः चिंधाचा हात धरून त्याला थांबवलं आणि तोंड त्याच्याकडे करून, ओठ नीट हलवत सांगितलं, "नाना, मन्ही झोप व्हत नई. संध्याकायले म्हना ना. मी खंजिरी धरसू."

चिंधा बुचकळ्यात पडला. झोप न व्हायला काय झालं? तो स्वतः गाणं संपवून अंग टाकायचा आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तापल्या पत्र्याखालीही संध्याकाळी चारपर्यंत झोपायचा. मधे चाळ पेटली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. आवाज ही त्याच्या लेखी वळून पाहिलं तरच दिसणारी वस्तू झाली होती. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला ती त्रास देते, हे तो विसरून गेला होता. तरीही पोरगा विनवतोय म्हटल्यावर त्याने ऐकलं. तीन दिवस तो, नळाचं बायांना आधी सांगून, सकाळी गप्प राहिला आणि पाचला गायला. त्या तीन दिवसांत बन्सीलाल झोपला आणि चिंधा डोक्यातले संचे ऐकत पत्र्याकडे बघत पडून राहिला. चौथ्या दिवशी रविवार होता. डोळे लाल करून तो देवळात आला आणि त्याने आम्हाला विचारलं की काय करू.

आता सुधाकरची ओळख करून द्यायला हवी. सुधाकर आमच्या कमिटीचा चिटणीस, बँकेत कारकून, मनाने स्वच्छ आणि वाणीने फार गरम. विश्वासासाठी छळ सोसावा अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती आणि सुरतेत त्याचा कुणी छळ करत नव्हतं. बँकेतले लोक नाताळला केक मागत, यापलीकडे ख्रिस्ती म्हणून त्याची कुणी दखल घेतली नव्हती. चिंधाची हकीकत ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

उपासनेनंतरच्या चहाला तो उभा राहूनच बोलला. गणपतीत दहा दिवस कर्णे लागतात तेव्हा आपल्याला कुणी विचारतं का? नवरात्रात नऊ रात्री गरबा चालतो, आपण कधी तक्रार केली का? मग एका गरीब भावाच्या एका तासाच्या स्तुतीवरच गदा का? प्रभूने आपल्याला मोकळं केलंय, ते शेजाऱ्याच्या परवानगीने जगण्यासाठी का? चिंधा पहिल्या बाकावर बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे मान वळवत होता. मधे तो एवढंच म्हणाला की बन्सी विरोधातला नाही, त्याला झोप पाहिजे. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आम्ही सगळे पंख्याखाली, अंधारात झोपणारे लोक होतो. अर्ध्या विटेची ती भिंत आमच्यापैकी मी एकट्याने पाहिली होती, आणि चहा घेत मी सुधाकरच्या भाषणाला माना डोलवत होतो.

सुधाकरच्या मिशा दाट, त्यामुळे त्याचे ओठ चिंधाला पुरते दिसत नसत. काही शंका राहू नये म्हणून सुधाकर म्हणाला की लिहूनच द्या. गीतांच्या एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर, त्याने सांगितलं तसं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गाणे हा आपला हक्क आहे. घाबरू नका.' अक्षर माझं. खाली दोन रेघा ओढायला सुधाकरने सांगितलं नव्हतं. त्या मी माझ्या मनाने ओढल्या.

चिंधा चौथीपर्यंत मिशनच्या शाळेत शिकला होता. त्याने कागद दोनदा वाचला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. सोमवारी तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आणि आठ वाजता गाणं सुरू झालं. आतापर्यंत तो नुसता गात होता. आता तो साक्ष देत होता. त्यामुळे आधी निवडक कडव्यांना वाजणारी खंजिरी आता पहिल्यापासून अकराव्यापर्यंत अखंड वाजू लागली. सरलाबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न करता म्हणाली, "शेजारे मानूस शे." त्याने कागदाकडे बोट दाखवलं.

बन्सीलालने पुन्हा काही मागितलं नाही. त्याने कानात कारखान्यातला रद्दी दोरा कोंबून पाहिला. गिरणीच्या ओट्यावर झोपून पाहिलं. तिथे नऊपासून दळणाला गर्दी. गोठ्यामागच्या लिंबाखाली झोपला तर माश्या. एका सकाळी उषाबाईने रागाच्या भरात पातेलं घेऊन मधल्या भिंतीवर बडवलं. अख्ख्या चाळीने ते ऐकलं, बाया दारात आल्या, पोरं जमली. चिंधा पाचव्या गाण्यात होता. त्याने तेही पूर्ण केलं.

मे महिन्यात बन्सीलाल सकाळी चिंधाच्या बरोबर चालेनासा झाला. दहा पावलं मागे राहून येई. पोराचे गाल बसले होते. चिंधाला ते दिसत होतं. त्याने त्याला जेवणानंतर गूळ खायला सांगितलं. पहाटेकडे बन्सीलाल संच्यासमोर उभ्याउभ्या पेंगायचा. दोनदा चिंधाने त्याचा खांदा हलवून त्याला जागं केलं. तिसऱ्यांदा चिंधाची त्याच्याकडे पाठ होती.

वीस मेच्या पहाटे, पाळी सुटायला दोन तास राहिले असताना, बन्सीलालचा उजवा हात संच्याच्या पट्ट्यात गेला. तो ओरडला असणारच. कारखान्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही. समोरच्या रांगेतल्या किसनने त्याचं तोंड उघडलेलं पाहिलं आणि धावत जाऊन मुख्य बटण पाडलं. साठ संचे थांबले. चिंधाच्या पायाखालची जमीन थरथरायची थांबली, म्हणून तो वळला.

तीन बोटं गेली. अंगठ्याशेजारची तीन, गाठ मारण्याची.

त्या सकाळी आठ वाजता चाळ गाण्याची वाट बघत होती. सहावं लागलंच नाही, म्हणून हंडे बाहेर आले नाहीत, आणि नळ येऊन गेला. कित्येक घरांत त्या दिवशी पाणी नव्हतं. बायांनी चिंधाच्या दारात डोकावलं तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. कॅलेंडरच्या खिळ्याला कॅलेंडरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुधाकर त्याच्याकडे गेलो. सुधाकर वाटेत सगळी चौकशी करून आला होता. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी होती, ती साफसफाईला अडचण होते म्हणून चार वर्षांपूर्वी काढून ठेवली होती, शेठने पुन्हा बसवली नव्हती. दोष शेठचा होता, आणि सुधाकरने ते चिंधाला दोनदा, मिशा बोटांनी वर करून, स्पष्ट सांगितलं. एरवी मला त्या मिशा धरण्याचं हसू आवरलं नसतं.

चिंधाने सगळं वाचून घेतलं. मग म्हणाला, "जाळी नव्हती हे खरं. झोपही नव्हती."

आम्ही चहा न घेता उठलो.

आठ दिवसांनी बन्सीलाल सरकारी दवाखान्यातून घरी आला. चिंधा त्याच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसला; आत या म्हणाले तरी गेला नाही. तिथे काय झालं ते मला सरलाबाईने सांगितलं. चिंधा म्हणाला की चूक माझी, मी आता गाणार नाही, सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही. बन्सीलाल भिंतीला टेकून पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. तो चिंधाकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाला, "आते म्हना, नाना. आते माले दिनभर झोपच शे."

तो टोमणा होता की खरंच परवानगी होती, हे सरलाबाईला कधी ठरवता आलं नाही. तो रागाने म्हणाला नव्हता, एवढं ती सांगते. उषाबाईने मात्र उठून दार लोटून घेतलं.

जूनच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब आले. त्यांचा संदेश ठरलेला होता. आमची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती. पवित्र शास्त्रातल्या मांसाच्या प्रश्नावर ते बोलले. त्या जुन्या काळी मूर्तीपुढे ठेवलेलं मांस बाजारात विकायला येई. ते खायला आपण मोकळे आहोत, असं काही विश्वासणारे म्हणत, आणि ते खरंही होतं. पण माझ्या खाण्याने माझ्या भावाची हानी होत असेल तर मी जन्मात मांस खाणार नाही, असं प्रेषिताने त्यांना कळवलं. पाळकसाहेब नंदुरबारचे, सावकाश बोलणारे, दाढीमिशी साफ. चिंधाला त्यांचा शब्द न् शब्द दिसत होता. मी आणि सुधाकर मागच्या बाकावर बसून जमिनीकडे बघत होतो.

उपासना संपल्यावर चिंधा माझ्यापाशी आला.

"मास्तर, हे मांसाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

मी मान हलवली. ते मला लहानपणापासून पाठ होतं. त्यावर मला रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालेलं आहे.

"सुधाकरभाऊंना?"

त्यालाही ठाऊक होतं.

"मग त्या दिवशी कुणी बोललं का नाही?"

चिंधाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, माझ्या हातात दिला आणि चपला घालून निघून गेला.

बन्सीलाल आणि उषाबाई पाऊस सुरू होण्याआधी चोपड्याला परत गेले. सामान एका ट्रंकेत मावलं. चिंधाने ती ट्रंक डोक्यावर घेऊन थांब्यापर्यंत पोचवली. बन्सीलालने त्याला अडवलं नाही. खोली रिकामी झाली, पुढे तीन महिने रिकामीच राहिली. आता पलीकडे झोप मोडायला कुणी नव्हतं. चाळीतल्या बायांनीही सरलाबाईला विचारलं की नाना का म्हणत नाहीत, नळ चुकतो. सुधाकरने निरोप धाडला की आता काही हरकत नसावी. तो निरोप अगदी हळू आवाजात होता. सुधाकरही त्या उन्हाळ्यानंतर हळू बोलायला लागला होता. चिंधा गायला नाही. सरलाबाई सांगायची की तो सकाळी येतो, अंघोळ करतो आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसतो. अकराला पत्रा तापला तरी जागाच असतो. रविवारी उपासनेत त्या अकरांपैकी गाणं निघालं की तो पुस्तक बंद करून उभा राहतो. आमचा पेटीवाला आता सगळी गाणी वाजवतो आणि ती नीट ऐकू येतात. फार बेसूर वाजवतो. इतकी वर्षं चिंधाने ते झाकलं होतं.

ऑगस्टमध्ये पाळकसाहेबांचा काही निरोप घेऊन मी संध्याकाळी, चाळीवरून पुढे गेलं की लागणाऱ्या त्याच्या कारखान्यावर गेलो. नुकतीच पाळी सुरू झाली होती. दारातून आत पाहिलं तर साठ संच्यांचा तो गदारोळ अंगावर आला. छातीचा पिंजरासुद्धा हलतो. चिंधा चार संच्यांच्या मधे येरझारा घालत होता. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं कुणाशी बोलतोय. पण त्याच्यासमोर कुणी नव्हतं, आणि मान अशी वर केलेली की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तो जीव तोडून गात होता. मी दारात, दहा हातांवर उभा. माझ्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं.

किसन तंबाखू मळत बाहेर आला. मी त्याला खुणेने विचारलं. तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "रोज म्हनतस. आते सातवं चालू शे." त्याने ती गाणी कधी ऐकली नव्हती. ओठांवरून त्याला अकराही ओळखता येत होती.

बन्सीलालच्या संच्यावर आता दुसरा कुणी मारुती नावाचा माणूस होता. त्या पट्ट्यावर मला तारेची जाळी दिसली. घरी वळलेली, सुतळीने चार ठिकाणी बांधलेली, ओबडधोबड. बाकीचे एकोणसाठ पट्टे उघडेच होते.

चिंधाने मला पाहिलं आणि बाहेर अंगणात आला. निरोप दिला, सरलाबाईची चौकशी झाली. मग न राहवून मी त्याला विचारलं की तिथे गातोस ते तुला ऐकू येतं का? त्याने जबड्यावर हात ठेवला, हाडाची चाचपणी केल्यासारखा, आणि मान हलवली.

"नाही, मास्तर. आत हाडही कारखान्याचंच आहे," तो म्हणाला. "पण इथे कुणी झोपलेलं नाही."

तो परत आत गेला, खांद्यावरचा फडका कमरेला बांधला आणि मान वर केली. आठवं असावं. मी रिक्षाथांब्यापर्यंत कान देऊन चालत गेलो. तीन गल्ल्या, गिरणी, गोठा. सगळीकडे फक्त संच्यांचा आवाज होता.